कुणी काही उघडलं का?

घोटा मोडलेली माणसं नलिनी चौबळला नवी नव्हती. चंडीगडच्या मोठ्या इस्पितळात ती एक्स-रे काढायची आणि मोडलेली हाडं बघणं हाच तिचा पोटापाण्याचा धंदा होता. पण १९८६ च्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात चार जण लंगडत आले. चौघांचंही हाड एकाच जागी मोडलं होतं, आणि चौघेही लग्नाला निघाल्यासारखे खुशीत होते. हा काय प्रकार आहे ते तिला कळेना. सोबत आलेल्या फौजी माणसाला तिने हिंदीत विचारलं, तर तो म्हणाला, लष्कराने नागरिकांसाठी छत्रीउड्यांचं शिबिर काढलंय, ही त्यातली नवशिकी मंडळी. नलिनीने फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाली, हे लोक पाय फाकवून उतरतात का? दोन्ही पाय जुळलेले असते तर हे हाड असं मोडलं नसतं.

तिच्या हिंदीतला ठाण्याचा वास त्या फौजी माणसाला लगेच आला. तो सुभेदार दिगंबर मोहिते, सातारा जिल्ह्यातला, चंडीमंदिरच्या छावणीत राहणारा. बारा वर्षांत इतक्या लोकांना पाय जुळवायला शिकवलं, पण नुसती फिल्म बघून पाय ओळखणारी बाई आज भेटली, असं तो मराठीत म्हणाला. आणि जाताना म्हणाला, पुढच्या वर्षी या की ताई शिबिराला, नुसतं बघायला. नलिनी हसली. तिचं वय तेव्हा छत्तीस. नवरा श्रीपाद विद्यापीठात भूगोल शिकवायचा. त्याच्या नोकरीपायी दोघं दहा वर्षांपूर्वी इकडे आली होती. मूलबाळ नव्हतं. घरात गडबड अशी नव्हतीच, आणि बाहेर होती ती नको असलेली.

पुढच्या वर्षी, म्हणजे सत्याऐंशीच्या नोव्हेंबरात, ती शिबिराला गेली. बघायला म्हणून गेली आणि तिसऱ्या दिवशी अर्ज भरून बसली. श्रीपादने दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग थर्मास भरून देऊ लागला.

शिबिर शहराबाहेर, शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, एका जुन्या धावपट्टीवर होतं. पहिले दहा दिवस विमानाचं नावसुद्धा काढायचं नाही. चार फुटांच्या ओट्यावरून वाळूत उड्या मारायच्या, त्याही दिवसाला पन्नास. पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, नजर समोरच्या टेकडीवर. जमिनीकडे बघायचं नाही, कारण जमिनीकडे बघणारा माणूस ती आली असं समजून पाय आधीच लांब करतो आणि घोटा गमावतो. टेकलं की उभं राहायची मर्दुमकी दाखवायची नाही. पोटरी, मांडी, कुल्ला, पाठ असं अंग एका बाजूने लोळू द्यायचं. नलिनीच्या दोन्ही मांड्या काळ्यानिळ्या झाल्या. इस्पितळातल्या बायका डोळे मोठे करून विचारू लागल्या, घरी सगळं ठीक आहे ना?

मग टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळून मोजायला शिकवलं. विमानातून बाहेर पडलं की मोठ्याने एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार. पाठीवरची मोठी छत्री विमानाला बांधलेल्या दोरीने आपोआप उघडते. चार हजार म्हणून झालं की वर बघायचं. छत्री गोल भरलेली दिसली तर देवाचे आभार. दोऱ्यांना पीळ पडला असेल तर घाबरायचं नाही, सायकल मारल्यासारखे पाय झाडायचे, पीळ सुटतो. आणि वर छत्रीच नसेल, तर उजवा हात छातीवर न्यायचा. छातीवर दुसरी, लहान, राखीव छत्री दोन हुकांनी अडकवलेली असते. तिचं हँडल उजव्या बाजूला. ते ओढायचं. उजवा हात, उजवी बाजू, हे त्यांच्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं की नलिनी घरी पोळ्या लाटतानाही उजवा हात छातीशी नेऊन बघायची.

नियम ढीगभर होते, पण सुभेदारांचा जीव एकाच नियमावर. तपासणी झाल्यावर अंगावरचं काहीही, एक बक्कल जरी, उघडलं तर हात वर करून सांगायचं. कारण विचारलं जाणार नाही, कुणी रागावणार नाही. पुन्हा तपासतील, संपलं. ते म्हणायचे, छत्री कधी दगा देत नाही, न सांगणारा माणूस दगा देतो. हे वाक्य ते हिंदीत म्हणायचे आणि नलिनीकडे बघून एकदा मराठीतही म्हणायचे, आपल्या माणसाला जास्तीचं वाढल्यासारखं.

तपासणी जोडीने व्हायची. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला एक जोडीदार. जोडीदाराने वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा बघायचं आणि वहीत सही करायची. नलिनीचा जोडीदार होता अमरीकसिंग. तीस वर्षांचा, विद्यापीठाच्या क्रीडा विभागात सामानाची खोली सांभाळणारा. उंच, पगडीधारी आणि बोलायला अगदी कंजूष. त्या शिबिरात तो एकटाच सरदार होता. नलिनीचा अर्ज एका सहीत मंजूर झाला. अमरीकच्या अर्जाला तीन आठवडे लागले, कारण पोलीस त्याच्या गावी जाऊन आले, मामाच्या गावी जाऊन आले आणि त्याच्या खोलीतल्या ट्रंका उघडून गेले. हे त्याने कधी सांगितलं नाही. सुभेदारांनी सांगितलं, आणि ‘काय करणार, दिवसच तसे’ असं म्हणून विषय संपवला.

दिवस खरोखरच तसे होते. त्याच वर्षी जुलैत शहरापासून फार दूर नाही अशा रस्त्यावर खलिस्तानी अतिरेक्यांनी बस थांबवून आतल्या माणसांवर गोळ्या झाडल्या होत्या. वाचलेल्यांपैकी काहींच्या फिल्म नलिनीने काढल्या. हाडांच्या करड्या सावल्यांमध्ये पांढऱ्याधोप गोळ्या. त्या रात्रपाळीनंतर ती घरी आली आणि दोन दिवस श्रीपादशीही धड बोलली नाही. पुढे रस्त्यात कुणी अनोळखी पगडीवाला जवळून गेला की तिचे खांदे आपोआप वर जायचे. तिला याची लाज वाटायची. आपण शिकलेली माणसं, आपण असे नाही, असं ती स्वतःला बजावायची. खांदे मात्र ऐकायचे नाहीत.

त्यात अर्ज भरल्यानंतर मराठी मंडळाच्या जेवणाला चित्रा गुप्त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, अगं, शिबिराला चालली आहेस खरी, पण तिथे तुझ्या त्या दोऱ्याबिऱ्या बांधणार कोण? नीट बघून घे हो. चित्राबाई वाईट नव्हत्या. घरी पाहुण्याला उपाशी जाऊ देणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण तेव्हा तशी वाक्यं बासुंदीच्या वाटीबरोबर पुढे केली जायची आणि घेणारे घ्यायचे. नलिनीने घेतलं नाही असं ती म्हणायची. घेतलं होतं.

पहिली उडी एका मंगळवारी ठरली. सकाळी साडेसहाला सगळे धावपट्टीवर जमले. आदल्या संध्याकाळी बातम्यांत पुन्हा कुठल्याशा गावचा मेलेल्यांचा आकडा सांगितला होता. अमरीकच्या आसपास थोडी मोकळी जागा राहिली. नलिनी मुद्दाम त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली, आणि आपण मुद्दाम उभ्या राहिलो हे तिला स्वतःलाच कळलं.

त्याने तिची छत्री चढवून दिली, राखीव छत्रीचे हुक लावले, पट्टे आवळले. वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. झालं, असं तिला वाटलं. तेवढ्यात त्याचा हात पुन्हा तिच्या छातीवरच्या राखीव छत्रीच्या डाव्या हुकाकडे गेला. त्याने तो दाबला, सोडला, आजूबाजूला एक नजर टाकली, पुन्हा दाबला. मग म्हणाला, “ठीक है, दीदी,” आणि वहीत सही करायला गेला.

तिसऱ्यांदा का बघितलं? दोनदा बघायचं असतं. आणि इकडेतिकडे का पाहिलं? बस, एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून तिच्या मनात संशय शिरला. सुभेदार येऊन प्रत्येकाला तपासून गेले, तिच्या पाठीवर थाप मारून गेले, तरी तो हटेना. सुभेदार हुक लागलाय एवढंच बघतात, आत काय आहे ते थोडंच बघतात, असं तिच्या मनात आलं. त्या पाठोपाठ एक पांढरीधोप गोळी डोळ्यांसमोर आली आणि जाता जाईना.

त्या क्षणी विमान निघालं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती. पण कुणा बड्या माणसाचं हेलिकॉप्टर त्या बाजूने जायचं होतं, म्हणून आकाश बंद झालं. सगळ्यांना गवतावर बसवलं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. नलिनी उठली आणि बायकांसाठी लावलेल्या कनातीकडे निघाली. जायची गरज नव्हती. आत जाऊन तिने पडदा सारला, दोन्ही हुक काढले आणि राखीव छत्रीचं ते जाड बोचकं हातात घेऊन उलटंसुलटं केलं. शिवण बघितली. लाल दोऱ्याचं सील बघितलं. खालून, वरून, कडेने चाचपलं. काही नव्हतं. कापड होतं आणि दोरा होता. मला सगळंच दोनदा बघायची सवय आहे, त्याचा काय संबंध, असं ती पुटपुटलीसुद्धा, तिथे ऐकायला कुणी नसताना.

तेवढ्यात बाहेर शिट्टी वाजली. आकाश मोकळं झालं होतं, पण वारा वाढायच्या आत विमान वर जायला हवं होतं. नवशिक्यांना जोराच्या वाऱ्यात उतरवत नाहीत. धावपळ उडाली. नलिनीने घाईघाईने बोचकं छातीशी धरलं, हुक खटाखट लावले आणि पळत रांगेत आली. दोन्ही हुक घट्ट बसले होते. फक्त बोचकं वरचं खाली झालं होतं. उजवीकडचं हँडल डावीकडे गेलं होतं, आणि हे तिच्या गावीही नव्हतं.

सुभेदार रांगेसमोर उभे राहिले. खरं तर पुन्हा सगळ्यांना तपासायला हवं होतं. वाऱ्याकडे बघत त्यांनी ते टाळलं आणि नुसतं विचारलं, “किसीने कुछ खोला है?”

हात वर करायला किती वेळ लागतो? पण हात वर केला की सुभेदार येणार, अमरीक येणार, सगळे बघणार. आणि मग तो ते हुक पुन्हा लावणार, आपल्या डोळ्यांत बघत. ओळखेल तो. चांगल्या घरच्या बाईने एखाद्या माणसाबद्दल असं काही मनात आणलं हे त्याला तोंडावर कळणं, ह्याच्याइतकं अवघड तिला त्या घटकेला दुसरं काही वाटलं नाही. मरणही नाही. तिने हात खालीच ठेवला.

विमानात चौघे जमिनीवर बसले. शिकवल्याप्रमाणे सगळ्यांनी दोन्ही हात राखीव छत्रीवर ठेवले होते, हँडल चुकून ओढलं जाऊ नये म्हणून. त्यामुळे तिचं उलटं हँडल तिच्याच तळव्याखाली झाकलं गेलं. अमरीक तिच्या मागे होता. एकदा त्याने तिच्या खांद्याला हात लावून स्वतःच्या छातीकडे बोट दाखवलं आणि मान हलवून विचारलं, ठीक? तिने अंगठा दाखवला आणि तोंड फिरवलं. दारातल्या हवालदाराने तिची दोरी वरच्या तारेला अडकवली, ओढून बघितली आणि तिच्या मांडीवर थाप मारली.

ती बाहेर पडली. एक हजार म्हणाली की नाही ते तिला कधीच आठवलं नाही. दोन हजार, तीन हजार हे मात्र किंचाळून म्हटलं. चार हजारला पाठीमागे दणका बसला, अंग गरकन फिरलं, आणि वर बघायला जावं तर डोकं वर होईना. मानेमागे दोऱ्यांचा पीळ घट्ट बसला होता. छत्री उघडली की नाही ते दिसेना. उजवा हात, उजवी बाजू. हात सरळ उजव्या बाजूला गेला आणि तिथे नुसतं कापड होतं.

हँडल नव्हतं. तिने पुन्हा चाचपलं. नव्हतं. वीस दिवस रोज जिथे होतं तिथे ते नव्हतं. काढून टाकलं, असा विचार तिच्या डोक्यात आला. काढून टाकलं त्याने.  ती हवेत लटकली होती, खाली शेतांचे पिवळे चौकोन फिरत होते, आणि तिच्या डोक्यात त्याचं नाव होतं.

मग पाय आपोआप हलले. वाळूतल्या पाचशे उड्यांनी अंगात भिनवलेलं अंग विसरत नाही. ती सायकल मारू लागली. एक फेरा सुटला, दुसरा सुटला, मान मोकळी झाली आणि वर बघितलं तर ती मोठी पांढरी छत्री गोल, भरलेली, अगदी निवांत उभी होती. मगापासून उघडलेलीच होती. नलिनीने मान खाली केली आणि छातीवर बघितलं. हँडल डावीकडे होतं. चांगलं लालभडक, कुणालाही दिसेल असं.

कनात आठवली. शिट्टी आठवली. बोचकं छातीशी धरलेले आपलेच हात आठवले. मोठी छत्री उघडली नसती तर ती उजवीकडे चाचपत चाचपत जमिनीपर्यंत गेली असती, आणि वहीत तिच्या नावासमोर सही अमरीकची होती. उरलेलं दीड मिनिट ती काहीही न बघता खाली आली. समोरच्या टेकडीवर नजर ठेवायची म्हणून ठेवली. पाय जुळवायचे म्हणून जुळवले. उतरली ती इतकी सुरेख उतरली की खाली उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

सुभेदार पळत आले ते शाबासकी द्यायला. चार पावलांवर थांबले. त्यांची नजर तिच्या छातीवर होती आणि चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता. ते खाली बसले, हँडलला बोट लावलं आणि इतर कुणाला कळू नये म्हणून मराठीत बोलू लागले. “ताई, ह्यो हुक सकाळी अमरीकसिंगनंच लावला व्हता न्हवं?”

“हो,” नलिनी म्हणाली.

एका अक्षराचं उत्तर, आणि तेही खरं. सकाळी त्यानेच लावला होता. सुभेदारांनी पुढचं काही विचारलं नाही. त्यांनी तिला झाडाखाली खुर्चीत बसवलं, कुणीतरी हातात चहा दिला. तो तिने तसाच धरून ठेवला. धक्का बसलाय, बसू द्या, असं सगळे म्हणाले. तिला खरंच धक्का बसला होता, पण कशाचा ते त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आपण हे करू शकतो, ह्याचा. ‘हो’ म्हणताना जीभ अडखळलीसुद्धा नाही, ह्याचा.

तिच्यासमोर सगळं घडत होतं. अमरीक उतरला, छत्री गोळा करून हसत येऊ लागला. पहिल्यांदाच तिने त्याला हसताना बघितलं. दोन जवान त्याच्या दोन्ही बाजूंनी चालू लागले. सामानाच्या छपरापाशी त्याला जमिनीवर बसवलं. कॅप्टनसाहेब वही मागवून सही बघत होते. कुणीतरी ‘मुद्दाम’ हा शब्द उच्चारला आणि तो शब्द मैदानभर फिरला. कॅप्टनसाहेब टेलिफोनकडे गेले. त्याला न्यायला छावणीतून जीप निघाली आहे, असं कुणी म्हणालं. अमरीकने काय झालं म्हणून विचारलं, कुणी उत्तर दिलं नाही, आणि मग त्याने विचारणं बंद केलं. गुडघ्यांवर हात ठेवून तो बसून राहिला. त्याने एकदाही नलिनीकडे बघितलं नाही. बारा मिनिटं गेली. मैदानावरच्या घड्याळात तिने ती पाहिली, एकेक.

तेराव्या मिनिटाला ती उठली. चहा सांडला. सुभेदारांना गाठून ती मराठीत म्हणाली, मी उघडलं होतं, कनातीत. परत लावताना उलटं लागलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसले. सुभेदारांनी डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाले, “का उघडलं, ते मी इचारत न्हाई. नियम हाय तसा. पुन्हा तपासलं न्हाई, चूक माझीबी हाय. तुम्ही बसा, मी कॅप्टनसाहेबांना सांगतो, मिटवतो.” त्यांनी जीप परत पाठवायला माणूस धाडला. मराठीत सगळं कसं पटकन मिटत होतं. दोन आपली माणसं, एक समजूतदार वाक्य, आणि पलीकडे बसलेल्याला काही कळायचं कारणच नाही.

नलिनी तशीच छपराकडे गेली. अमरीकसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हिंदीत बोलली. तिची हिंदी कधी फार चांगली नव्हती, त्यात लिंग चुकत होतं, पण ती थांबली नाही. तुम्ही नीट लावलं होतं. मी जाऊन काढलं. माझा तुमच्यावर विश्वास नव्हता. तुम्ही तिसऱ्यांदा हुक बघितला, इकडेतिकडे बघितलं, म्हणून मला भीती वाटली की तुम्ही काहीतरी केलंय.

 आता हा माणूस ओरडेल, असं तिला वाटलं, आणि ओरडला तर बरं होईल असंही वाटलं. अमरीक उठून उभा राहिला. त्याने कपड्यांवरची माती झटकली.

“दो बार सबके लिए देखते हैं, दीदी,” तो म्हणाला. “तीसरी बार मैंने अपने लिए देखा. आपको कुछ हो जाता, तो नाम मेरा आता.”

आणि इकडेतिकडे बघितलं ते तिसऱ्यांदा बघताना कुणी बघू नये म्हणून, हेही त्याने सांगितलं. कुणी बघितलं असतं तर विचारलं असतं, इतकं काय बघतोस. तो रागाने बोलत नव्हता. ट्रेनची वेळ सांगावी तसं सांगत होता. नलिनीला पायाखालची जमीन जाणं म्हणजे काय ते त्या दिवशी विमानात कळलं नव्हतं, ते तिथे छपराखाली कळलं. जे बघून ती त्याला घाबरली, ते त्याने तिलाच घाबरून केलं होतं.

अशा वेळी शिबिराचा नियम एकच होता, न सांगणाऱ्याचं नाव कटतं. सुभेदारांनी नलिनीचं नाव कापलं. तिने मान हलवली. राहिलं होतं ते तिचं लेखी निवेदन. कॅप्टनसाहेबांना फाइलला लावायला कागद हवा होता. ती छपराखालच्या टेबलाशी बसली. आता तरी सगळं खरं लिहायचं असं ठरवून तिने इंग्रजीत पहिली ओळ लिहिली, की जोडीदाराबद्दल विनाकारण संशय आल्यामुळे मी स्वतः राखीव छत्री काढली.

अमरीक समोर उभा होता. त्याने ती ओळ उलट्या बाजूने वाचली. “ये मत लिखिए,” तो म्हणाला.

नलिनी म्हणाली, पण हेच खरं आहे, मी सगळ्यांसमोर बोलले आहे. तो म्हणाला, बोललेलं वाऱ्यावर गेलं. कागद राहतो. उद्या तो कागद कुणीतरी तिसराच माणूस वाचेल, त्याला तुमचं ‘विनाकारण’ दिसणार नाही. त्याला माझं नाव दिसेल आणि शेजारी ‘संशय’ हा शब्द दिसेल. एवढं पुरतं. त्याच्या चुलतभावाच्या वेळी एवढंच पुरलं होतं, असं तो म्हणाला, आणि त्या भावाचं पुढे काय झालं ते त्याने सांगितलं नाही. 

तिने तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. लघवीला जाण्यासाठी मी राखीव छत्री काढली, परत लावताना निष्काळजीपणाने उलटी लावली आणि सांगायला विसरले, असं लिहिलं. शिबिरातली जन्माची धांदरट बाई म्हणून आपण त्या फाइलीत राहणार, हे लिहितानाच तिला कळत होतं. तेवढं तरी तिने आनंदाने घेतलं. शेवटी तिने एक ओळ जास्त घातली, की यात माझे जोडीदार श्री. अमरीकसिंग यांचा काहीही संबंध नाही. तिच्या मते निदान ही ओळ त्याच्या कामी येणार होती. तिने कागद त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तो शांतपणे वाचला. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“‘संबंध नहीं’ लिखेंगी तो कोई पूछेगा, कैसा संबंध,” तो म्हणाला.

नलिनीने ओळ खोडायला पेन उचललं. खोडलेलंही नको, असं तो हलकेच म्हणाला, खोडलेल्याखाली काय होतं तेही विचारतात. तेव्हा तिने तो कागद फाडला, आधीचा फाडला, तिसरा घेतला आणि त्याचं नाव कुठेही येऊ न देता, पहिल्यापासून पुन्हा लिहिलं.